खांद्यावरची रँक आणि हातातला चार्ज

एका गृहस्थांनी विचारलं आहे: माझे मेव्हणे लष्करात नुकतेच कर्नल झाले आणि एका पलटणीचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, म्हणून निघाले आहेत. आमच्या इमारतीत नौदलातले एक निवृत्त कमांडर राहतात. त्यावरून घरात वाद पेटला आहे. कमांडर ही नेमकी कितवी रँक? सीओ म्हणजे कमांडरच का? मग ब्रिगेड कमांडर कोण, आणि या सगळ्यांत मोठं कोण? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की पुढच्या महिन्यातल्या लग्नपत्रिकेत मेव्हण्यांच्या नावाआधी काय छापायचं.

मी पायदळात बत्तीस वर्षं काढली, त्यातली अडीच एका पलटणीचा सीओ म्हणून. तेव्हा उत्तर प्रामुख्याने लष्कराच्या बाजूने येईल. नौदल-हवाईदलाबद्दल जेवढं लागेल तेवढंच बोलतो.

'मोठं कोण' हे आधी निकालात काढू. नौदलात 'कमांडर' ही खरोखरच रँक आहे, आणि ती लष्करातल्या लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीची. कर्नलच्या बरोबरीचा नौदलात कॅप्टन. म्हणजे मेव्हणे तुमच्या शेजाऱ्यांपेक्षा एक पायरी वर. ब्रिगेड कमांडर हा रँकने ब्रिगेडियर असतो, म्हणजे मेव्हण्यांच्याही वर एक पायरी. हवाईदलात विंग कमांडर हीसुद्धा रँकच, तीही लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीची, आणि विंग कमांडरच्या हाताखाली एखादी विंग असेलच असं काही नाही. लष्करात मात्र नुसती 'कमांडर' नावाची रँक नाहीच. तिथे कमांडर म्हणजे ज्याच्याकडे त्या तुकडीचा चार्ज आहे तो. दहा जवानांच्या सेक्शनचा हवालदारही सेक्शन कमांडर आणि पुण्यातल्या दक्षिण मुख्यालयाचा लेफ्टनंट जनरलही आर्मी कमांडर.

घोटाळ्याचं मूळ आपल्या भाषेतही आहे. मराठीत आपण 'हुद्दा' म्हणतो आणि त्या एका शब्दात दोन गोष्टी कोंबतो: खांद्यावर काय लागलंय ते, आणि खुर्ची कुठली आहे ते. पलटणीत या दोन गोष्टी कधीच एकत्र बोलल्या जात नाहीत. पहिली रँक, दुसरी अपॉइंटमेंट. रँक तुमच्याबरोबर बदलीवर येते, सुट्टीवर घरी येते. अपॉइंटमेंट गेटपाशी उतरवून ठेवावी लागते.

हा गोंधळ आजचा नाही. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी अशी चढती रचना होती. त्यात हवालदार हा तसा खालचा माणूस. पण गडावर गेलात की तिथला मुख्य अधिकारीही हवालदारच, आणि त्याच्या जोडीला सबनीस नि सरनोबत. शब्द एकच, एका जागी तो पंचवीस घोड्यांचा, दुसऱ्या जागी अख्ख्या गडाचा. कोणी 'मी हवालदार' म्हणाला तर पुढचा प्रश्न 'कशाचा?' हाच असणार. आजही कोणी 'मी कमांडर' म्हणाला तर तोच प्रश्न विचारा.

आता लष्करातली उतरंड. पायदळाचं सांगतो, कारण बाकी शाखांत नावं बदलतात. सेक्शनला हवालदार किंवा नाईक. अशा तीन सेक्शनची प्लाटून, तिला सुभेदार, नायब सुभेदार किंवा नवा लेफ्टनंट. मग कंपनी, सव्वाशेच्या आसपास माणसं, तिला मेजर. मग पलटण, म्हणजे बटालियन, आठशेच्या आसपास; तिचा प्रमुख कर्नल, आणि त्याला म्हणायचं कमांडिंग ऑफिसर, सीओ. साधारण तीन पलटणींची ब्रिगेड, तिचा ब्रिगेडियर. आणि गंमत म्हणजे नुसतं 'कमांडर साहेब' म्हटलं की पायदळात बहुतेक वेळा हाच अभिप्रेत असतो. त्याच्या वर डिव्हिजनचा मेजर जनरल, तो जीओसी, म्हणजे जनरल ऑफिसर कमांडिंग. कोअरचा लेफ्टनंट जनरल, तोही जीओसी. आणि सर्वांत वर आर्मी कमांडर, तोही लेफ्टनंट जनरलच.

शेवटच्या दोघांकडे जरा थांबून बघा. खांद्यावर दोघांच्याही तलवार-बॅटनची फुली आणि वर अशोकस्तंभ, गाडीवर दोघांच्याही तीन तारे. पण एक दुसऱ्याला हुकूम देतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेफ्टनंट जनरलचा मूळ पगार लेव्हल १५ मध्ये १,८२,२०० रुपयांपासून सुरू होतो, आर्मी कमांडरला मात्र लेव्हल १७, सरळ २,२५,००० रुपये. रँक तीच, खुर्ची वेगळी, पगारही वेगळा.

शाखेप्रमाणे फरक पडतो तो असा. रणगाडा दलात सीओला कमांडंट म्हणतात. तिथे आणि तोफखान्यात 'रेजिमेंट' म्हणजे पलटणीएवढी एक तुकडी, तर मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट म्हणजे अनेक पलटणींचं मोठं घराणं. नावात मेजर असला तरी 'ब्रिगेड मेजर' ही रँक नाही, ती ब्रिगेड मुख्यालयातली एक नेमणूक. 'कंपनी हवालदार मेजर' हीसुद्धा नेमणूक, रँकने तो हवालदार. पण 'सुभेदार मेजर' ही मात्र रँक! नव्या लेफ्टनंटला हे पाठ व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा तुमच्या घरात वाद झाला यात नवल नाही. नौदलात तर अजून मजा आहे: जहाजाचा प्रमुख रँकने कमांडर असला तरी जहाजावर तो 'कॅप्टन'च. तुमचे शेजारी एखाद्या जहाजाचे कॅप्टन होते का, विचारून बघा. खुलतील.

मेव्हणे कर्नल असून सीओ होणार आणि जुन्या गोष्टींत सीओ लेफ्टनंट कर्नल दिसतात, याने बरेच जण गोंधळतात. १९६५ साली १७ पूना हॉर्सचे कमांडंट अर्देशीर तारापोर लेफ्टनंट कर्नल होते. फिलौराच्या लढाईत जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जायला नकार दिला, रेजिमेंट पुढे नेत राहिले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. पुढे सीओची जागा कर्नलची झाली. काम तेच राहिलं, फक्त खांद्यावर एक तारा वाढला.

हा सगळा तपशील पुस्तकातही मिळेल. रँक आणि कमांड यांतला फरक मला स्वतःला मात्र उतरताना कळला, चढताना नाही.

माझी अडीच वर्षं संपली. हँडिंग-टेकिंगच्या कागदांवर सह्या झाल्या. रात्री मेसमध्ये जेवण झालं. सकाळी जीपला दोर बांधले, अधिकारी आणि जवानांनी ती गेटपर्यंत ओढत नेली. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मी उभा राहून हात हलवत होतो आणि समोरचं नीट दिसत नव्हतं. दहा दिवसांनी एका मुख्यालयात रुजू झालो. खांद्यावर तोच अशोकस्तंभ, तेच दोन तारे, कॉलरवर तीच लाल पट्टी. हाताखाली एक मेजर, दोन क्लार्क आणि आवाज करणारा पण वारा न देणारा एक कूलर. रँक तसूभर कमी झाली नव्हती. पण आता माझ्या सहीने कोणाची रजा मंजूर होत नव्हती, कोणाची शिक्षा होत नव्हती, कोणी रात्री गस्तीवर जात नव्हतं. पहिले तीन महिने रात्री कुठेही फोन वाजला की मी उठून बसायचो. पलटणीत रात्री दोनचा फोन म्हणजे काहीतरी घडलेलं असायचं. इथे तो शेजारच्या क्वार्टरमधला असायचा.

कमांड कागदावर कशी दिसते हे बघायचं असेल तर १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट उघडा. कलम ८० प्रमाणे सीओ आपल्या जवानाला २८ दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो, लाइनबंद करू शकतो (म्हणजे पलटणीच्या आवाराबाहेर जायला बंदी), दंड करू शकतो. हा अधिकार 'कर्नल' या शब्दाला चिकटलेला नाही, 'कमांडिंग ऑफिसर' या नेमणुकीला चिकटलेला आहे. सीओ रजेवर गेला आणि टूआयसीने, म्हणजे त्याच्या खालोखालच्या अधिकाऱ्याने, चार्ज घेतला, की तो अधिकारही त्याच्याकडे गेला. कलम ११६ प्रमाणे सीओ एकट्याच्या बळावर समरी कोर्ट मार्शल, म्हणजे संक्षिप्त लष्करी खटला, बसवू शकतो. अधिकारी आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सोडून आपल्या हाताखालच्या कोणावरही. आणि इथे रँक परत मागच्या दाराने आत येते. कलम १२० म्हणतं की कोर्ट घेणारा लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर कैद एक वर्षापर्यंत, त्याहून खालचा असेल तर तीन महिन्यांपर्यंत. म्हणजे दार नेमणुकीने उघडतं, आणि आत किती जायचं ते रँक ठरवते. दोन्हींचं नातं याहून नेमकं मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

एक प्रसंग सांगतो. एक जवान रजेवरून एकोणीस दिवस उशिरा आला. ऑर्डरली रूमची, म्हणजे सीओपुढच्या सुनावणीची वेळ. टोपी नि पट्टा काढून घेतलेला, सुभेदार मेजरसाहेब 'लेफ्ट राइट लेफ्ट राइट' करत त्याला आत आणतात, माझ्या टेबलापुढे सावधान उभा करतात. कंपनी कमांडर बाजूला. नियम असा की आरोप त्याच्यासमोर वाचायचा आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. मी विचारलं, "का उशीर केलास?" तो गप्प. पुन्हा विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाला, "साहेब, चुलत्याने बांध फोडला. मोजणी लागली होती. मी आलो असतो तर म्हातारा एकटा पडला असता."

आता सांगा, काय करणार? माफ केलं तर पुढच्या महिन्यात दहा जण बांध सांगत येतील, आणि ज्यांच्याही घरी बांध फुटलेत पण जे वेळेवर आले, त्यांना काय तोंड दाखवणार? मी चौदा दिवस लाइनबंदी दिली. आणि त्याच दुपारी त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरांना माझ्या सहीचं पत्र पाठवलं की हा जवान सीमेवर आहे, त्याच्या जमिनीच्या वादात लक्ष घालावं. शिक्षाही माझी, पत्रही माझंच. बाहेरच्या माणसाला हे विसंगत वाटतं. सुभेदार मेजरसाहेबांना वाटलं नाही. ते बाहेर जाताना एवढंच म्हणाले, "बरोबर झालं साब." तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचं ते वाक्य मला कुठल्याही गोपनीय अहवालापेक्षा मोलाचं होतं. नव्या सीओला मी नेहमी सांगतो: पहिल्या आठवड्यात आपली मतं कमी सांगा आणि सुभेदार मेजरसोबत चहा जास्त प्या.

या उलट टोकाला स्टाफ. हा शब्द ऐकून लोक कारकुनी समजतात, ते चूक आहे. स्टाफ ऑफिसर योजना आखतो, दारूगोळा-रसद जुळवतो, सगळे हुकूम लिहितो. फक्त हुकूम त्याचा नसतो, कमांडरचा असतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींशी शरणागतीच्या वाटाघाटी केल्या त्या पूर्व मुख्यालयाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब यांनी. केवढं मोठं काम! पण १६ डिसेंबरला दस्तऐवजावर सही करायला यावं लागलं लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांना, कारण कमांड त्यांची होती. समोर सही करणारे नियाझीही लेफ्टनंट जनरलच. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना रँक सारखीच.

आणखी वर गेलं की हा फरक विचित्र वाटावा इतका ठळक होतो. आपले लष्करप्रमुख १९५५ पर्यंत 'कमांडर-इन-चीफ' होते. त्या वर्षी १ एप्रिलला ते नाव गेलं आणि 'चीफ ऑफ आर्मी स्टाफ' आलं. राज्यघटनेप्रमाणे तिन्ही दलांची सर्वोच्च कमांड राष्ट्रपतींकडे. चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद निर्माण झालं तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये, सरकारने स्वच्छ लिहून दिलं की ते कोणतीही लष्करी कमांड बजावणार नाहीत, तिन्ही प्रमुखांवरही नाही. चार तारे आहेत, पण पलटण नाही. त्या अर्थाने, फक्त त्याच अर्थाने, तुमचे मेव्हणे त्यांच्याहून श्रीमंत.

उलटही होतं: कमांड असते पण अधिकार अपुरे पडतात. अंदमान-निकोबार कमांड २००१ मध्ये उभी राहिली, तिन्ही दलांची माणसं एका कमांडर-इन-चीफच्या हाताखाली. पण शिस्तीचे कायदे प्रत्येक दलाचे वेगळे, त्यामुळे दुसऱ्या दलाच्या माणसाने आगळीक केली की कारवाईसाठी त्याला त्याच्या मूळ दलाकडे पाठवायचं. ज्याला शिक्षा देता येत नाही त्याच्यावर कमांड कसली? ही गाठ सुटली ती २०२३ च्या आंतर-सेवा संघटना कायद्याने, जो १० मे २०२४ पासून लागू झाला.

मेव्हण्यांचं कर्नल होणं किती मोठं, हेही घरच्यांना कळावं. २००४ च्या डिसेंबरपासून कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा आणि लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांनी, असं वेळेनुसार होता येतं. परीक्षा वगैरे पार पाडल्या की झालं. कर्नलपासून निवड मंडळ बसतं आणि तिथे बरेच जण गळतात, चांगले चांगले गळतात. जागा कमी, दुसरं काय. जे गळतात त्यांना सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केल कर्नल केलं जातं. खांद्यावर तेच दोन तारे, पण पलटण बहुधा मिळत नाही. मेसमध्ये दोघे शेजारी बसले तर तुम्हाला फरक ओळखता येणार नाही, त्यांना मात्र तो रोज जाणवतो. कमांड मिळणं म्हणजे नेमकं काय, हे कळायला म्हणूनच महिला अधिकाऱ्यांचा खटला बघावा. त्या रँक घेऊन आधीपासून होत्याच. भांडण होतं कायम कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी) आणि कमांडच्या नेमणुकांसाठी. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने कमांडवरची सरसकट बंदी टिकणार नाही असं सांगितलं, आणि २०२३ पासून त्या निवड मंडळातून कर्नल होऊन तुकड्यांच्या प्रमुख होऊ लागल्या.

सीओने स्वतः किती पुढे जायचं, यावर मात्र एकमत नाही, आणि मीही ठाम उत्तर देणार नाही. ते परिस्थितीवर आहे. पुस्तक म्हणतं की सीओने जिथून सगळी पलटण हाताळता येईल तिथे असावं. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ, आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्याच्या जंगलात शोधमोहिमेत सर्वांत पुढे असताना गेले. बाहेरून कोणी म्हणेल की कर्नलचं तिथे काय काम. ज्याने पलटण चालवली आहे तो असं म्हणणार नाही. पुढच्या मोहिमेला जवानांना पाठवताना आपण कुठे होतो हे त्यांना माहीत असतं. तरीही रोज पुढे धावणारा सीओ उरलेल्या कंपन्या कोणाच्या भरवशावर सोडतो, हा प्रश्न उरतोच. मी दोन वेळा पुढे गेलो. त्यातली एक वेळ चुकीची होती असं आज वाटतं.

ब्रिगेडियर झाल्यावर आणखी एक बदल होतो, तो कपड्यांत दिसतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि वरच्या सगळ्यांचा गणवेश एकसारखा केला आहे: टोपी, खांद्यावरची चिन्हं, पट्ट्याचं बक्कल सगळं सामाईक, खांद्यावरची रेजिमेंटची दोरी नाही. कर्नलपर्यंत माणूस आपल्या पलटणीचा असतो. ब्रिगेड कमांडरच्या हाताखाली मराठा, गुरखा, शीख कोणीही असू शकतं, त्याने एकाचा दिसून चालत नाही. मेव्हण्यांना पुढेमागे ही दोरी उतरवायची वेळ आली तर अभिनंदन करा, पण एक दिवस थांबून. माझे जे मित्र ब्रिगेडियर झाले त्यांतल्या बहुतेकांनी ती दोरी टाकून दिलेली नाही, कपाटात ठेवली आहे.

राहिली लग्नपत्रिका. नावाआधी 'कर्नल' छापा. 'सीओ' किंवा 'कमांडिंग ऑफिसर' छापू नका. ती नेमणूक दोन-अडीच वर्षांची, आणि कुठली पलटण कुठे आहे हे पत्रिकेत यायचं कारणही नाही. शेजाऱ्यांना बोलावणार असाल तर त्यांचं नाव 'कमांडर' असं आधी आणि 'निवृत्त' कंसात नावानंतर. 'निवृत्त कमांडर अमुक' असं लिहू नका. निवृत्त माणूस होतो, रँक होत नाही, आणि नौदलातली मंडळी याबाबतीत आमच्याहून हळवी असतात.